रोड रॅश : बाइक पडते ती वेगामुळे की बोटामुळे?

प्रश्न : आम्ही मूळचे विट्याकडचे. वडील गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, कामासाठी कोलकात्यात आले, त्यामुळे मी लहानाची मोठी झाले ती बऊबाजारात. परवा माळा आवरताना दादाची 'रोड रॅश'ची जुनी सीडी हाती लागली. तो खेळायचा तेव्हा मी नुसती शेजारी बसून बघायचे, कीबोर्ड काही माझ्या वाट्याला आला नाही. आता माझ्या बारा वर्षांच्या मुलीला तो गेम शिकायचा आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही. इथल्या चाँदनी चौकातल्या एका दुकानातून बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणला आणि शेजारच्या मुलाने गेम लॅपटॉपवर कसाबसा सुरू करून दिला. पण आमची गाडी प्रत्येक वळणावर पडते. समोरून मोटारी कुठून येतात तेच कळत नाही. पोलीस हमखास पकडतात. मारायचं बटण निम्म्या वेळा चालतच नाही. दादा म्हणायचा, कॉम्प्युटर चीटिंग करतो. ते खरं का? आणि सुरुवात नेमकी कुठून करायची?

— एक वाचक, कोलकाता

उत्तर : तुमच्या बहुतेक तक्रारी एकाच गोष्टीशी जोडलेल्या आहेत : सारखं पडण्याशी. न चालणाऱ्या बटणाची तक्रार मात्र कीबोर्डाच्या आतल्या रचनेतून येते. पडणं कमी झालं की बाकीचं सोपं आहे, पण त्याआधी एक गैरसमज दूर करू. जुना गेम म्हणजे सोपा गेम, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. आजच्या रेसिंग गेममध्ये नवख्याला सांभाळून घ्यायच्या सोयी असतात. वळणाआधी ब्रेक आपोआप लागतो, कुठून गाडी काढावी याची रेघ रस्त्यावर दिसते, आणि चूक झाली तर काही सेकंद मागेही जाता येतं. हे मागे जाणं 2008 च्या 'रेस ड्रायव्हर : ग्रिड'मध्ये आलं आणि पुढे अनेकांनी उचललं. 'रोड रॅश'मध्ये यातलं काहीही नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने तो 1991 मध्ये टीव्हीला जोडायच्या सेगाच्या यंत्रासाठी काढला. 1994 मध्ये थ्रीडीओ या यंत्रासाठी तो नव्याने घडवला गेला आणि 1996 मध्ये विंडोजवर आला. आपल्याकडच्या सायबर कॅफेंत आणि घराघरांतल्या कॉम्प्युटरवर पसरला तो हा विंडोजचा अवतार. त्यातली साउंडगार्डन आणि इतर रॉक बँडची गाणी व चित्रफिती गाळून छोटी केलेली प्रत हातोहात फिरायची, म्हणून त्या पिढीतल्या अनेकांना यात गाणी होती हेच ठाऊक नाही. तुमची सीडी मूळची असेल तर ती जरूर ऐका.

आता आधी लॅपटॉप तपासा. त्या काळच्या काही गेममध्ये वेळ घड्याळाने मोजली जात नसे. कॉम्प्युटर जितक्या झपाट्याने चित्रं काढेल तितका गेम पुढे सरके. कॉम्प्युटर वेगवान झाले तसे असले गेम सुसाट पळू लागले. जुन्या डब्यांवर 'टर्बो' लिहिलेलं बटण असायचं, तेही मुख्यतः याचसाठी. नावावरून वेग वाढवणारं वाटलं तरी त्याचा खरा उपयोग जुन्या गेमसाठी कॉम्प्युटर हळू करण्याचा होता. तेव्हा रेस सुरू झाल्यावर तुमची बाइक पापणी लवते न लवते तोच शंभरावर जात असेल, रस्ता वाहण्याऐवजी झपकन उडत असेल, तर दोष तुमच्या बोटांचा नाही. गेमच्या फाइलवर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'कम्पॅटिबिलिटी' उघडा, विंडोज 95 निवडा आणि 256 रंग व 640 गुणिले 480 हा पडदा ठेवून बघा. तरीही पळत असेल तर सरळ विंडोज 98 किंवा एक्सपीवरचा एखादा जुना डेस्कटॉप मिळतो का ते पाहा. जुन्या गेमला जुनं यंत्र मानवतं. एक अडचण आणखी येते. त्या काळच्या बऱ्याच सीड्यांमधला गेम 32 बिटचा असला तरी तो बसवणारा प्रोग्राम 16 बिटचा असे, आणि 64 बिटचं विंडोज 16 बिटचं काहीच चालवत नाही. सीडी शाबूत असूनही 'चालत नाही' असं येतं ते अनेकदा यामुळे. तुमच्या शेजारच्या मुलाने हा अडसर कसा का होईना पार केलेला दिसतो, त्याला शाबासकी द्या.

लॅपटॉप ठीक असेल तर आता वळणाकडे येऊ. नवखा खेळाडू वळण दिसलं की डावी किंवा उजवी अ‍ॅरो की दाबतो आणि दाबूनच ठेवतो. खऱ्या बाइकचं हँडल थोडं वळतं, अजून थोडं वळतं. कीबोर्डाला मात्र 'थोडं' कळत नाही, बटण एक तर दाबलेलं असतं नाहीतर सोडलेलं. दाबून ठेवलं की बाइक पूर्ण कलते, रस्त्याच्या आतल्या कडेला जाते, मग घाबरून उलटी की तितकीच दाबली जाते आणि बाइक दुसऱ्या टोकाला. तिथे झाड, खांब, नाहीतर मोटार असतेच. म्हणून वळणावर की दाबून धरायची नाही, टिचक्या द्यायच्या. चिमटीने मीठ घालावं तसं : थोडं घातलं, चव पाहिली, लागलं तर आणखी थोडं. टिचकी दिल्यावर बाइक किती सरकली ते बघायला अर्धा क्षण द्या, मगच पुढची.

दुसरी गोष्ट वेगाची. वळणावर गेम बाइकला बाहेरच्या बाजूला ढकलतो, आणि वेग जितका जास्त तितका हा ढकला मोठा. टिचक्यांनी तो पेलला जात नाही असं वाटलं की ब्रेककडे धावू नका, फक्त वेगाच्या कीवरचं बोट उचला. साध्या वळणाला तेवढं पुरतं. ब्रेक लागतो तो अगदी आवळलेल्या वळणाला, आणि तोही वळणात शिरण्याआधी. वळणाच्या मधोमध ब्रेक आणि वळवणं दोन्ही एकदम करू गेलं की बोटांचा गोंधळ होतो.

यावर तुमची मुलगी नक्की म्हणेल, "पण आई, हळू गेलो तर हरणार ना?" तिला हा हिशोब करून दाखवा. गेममध्ये वेग मैलांत दिसतो. शंभर मैल म्हणजे तासाला 160 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण 44 मीटर. समजा वळणाआधी बोट उचललं आणि वेग 130 किलोमीटरवर आला. फरक तासाला 30 किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला 8 मीटरच्या आसपास. वळण चार सेकंदांचं धरलं तर नुकसान 33 मीटरचं. आता पडल्याचा हिशोब. स्वार उडून लांब पडतो, उठतो, आपली बाइक जिथे पडली तिथवर धावत जातो, बसतो आणि शून्यापासून वेग घेतो. हे सगळं मिळून दहा सेकंदांत आटोपलं असं धरलं तरी 440 मीटर गेले. म्हणजे एकदा पडण्याची किंमत तेरा वळणं सावकाश घेण्याइतकी. हा हिशोब एकदा पटला की बोट आपोआप उचललं जातं. माझ्या मते या गेममध्ये शिकायची मुख्य गोष्ट हीच. पुढे राहतो तो कमी पडणारा, सर्वांत जोरात पळणारा नव्हे.

मोटारी कुठून येतात या प्रश्नाचं उत्तर भूगोलात आहे. गेममधले रस्ते कॅलिफोर्नियातले आहेत : सिएरा नेवाडाचा डोंगर, पॅसिफिक किनाऱ्याचा महामार्ग, नापा खोरं, शहरातले चढउतार वगैरे. अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात. आपली नजर मात्र डावीकडची. तुम्ही स्वतः गाडी चालवत नसाल, तरी पिवळ्या टॅक्सीत बसून वर्षानुवर्षं जे पाहिलं ते डोळ्यांत बसलेलं असतं, आणि गडबडीत हात त्याच बाजूला ओढ घेतो. परिणामी तुम्ही नकळत डाव्या भागात जाता आणि समोरून येणाऱ्या वाहनांच्या तोंडी सापडता. कोलकात्यात दुपारनंतर दिशा बदलणारे एकेरी रस्ते तुम्हाला सवयीचे आहेतच, तेव्हा रस्त्याची बाजू बदलते हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. फक्त गेम सुरू करताना दरवेळी मुद्दाम स्वतःला बजावा : आपली बाजू उजवी.

बाजू पाळल्याने किती फरक पडतो? पुन्हा 160 किलोमीटर वेग धरू आणि समोरची मोटार 70 ने येते असं मानू. दोन्ही वेग मिळून 230 होतात, सेकंदाला जवळपास 64 मीटर. ती दोनशे मीटरवर दिसली तर हातात तीनच सेकंद. तीच मोटार तुमच्याच दिशेने 70 ने चालली असेल तर वेगांची वजाबाकी होते आणि ती गाठायला आठ सेकंद मिळतात. आठ सेकंदांत नवखाही दोन टिचक्या देऊन शांतपणे बाजूने निघू शकतो. तीन सेकंदांत मात्र हात आखडतो.

त्यात पडदा जुना. 640 गुणिले 480 ठिपक्यांच्या चित्रात दूरची मोटार म्हणजे जेमतेम चार-सहा ठिपके. हे ठिपके हलताना दिसायला हवेत तर नजर रस्त्याच्या टोकाला हवी. नवखे सगळे स्वतःच्या बाइककडे बघत बसतात. बाइक कुठे आहे ते कडेच्या नजरेला कळतं, तिच्याकडे टक लावायची गरज नाही. चढाच्या माथ्यावर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण पलीकडचं काहीच दिसत नसतं, आणि वेगात माथा ओलांडला की बाइक हवेत उडते. हवेत असताना वळवून फारसं काही साधत नाही. तेव्हा माथा येण्याआधीच उजव्या बाजूला सरळ होऊन राहायचं. माथ्यावर कुणाला मागे टाकायला जाऊ नका, तेवढं धाडस नंतर येईल.

पोलिसांचा गैरसमज तर फारच पसरलेला आहे. वेगात जाणाऱ्याला पोलीस पकडतात असं वाटतं. या गेममधला पोलीस वेगाला सहसा पकडू शकत नाही, तो पडलेल्याला पकडतो. तुम्ही पडलात, थांबलात किंवा त्याने मारून पाडलं आणि तो जवळपास असला, की तुमची रेस संपली आणि दंड बसला. म्हणजे पोलीस ही वेगळी अडचण नाहीच. पडणं कमी झालं की पकडणंही कमी होतं. त्याचा भोंगा ऐकू आला की गडबडून वेग वाढवण्यापेक्षा पुढची दोन वळणं न पडता काढण्याकडे लक्ष द्या. तो शेजारी येऊन भिडलाच तर त्याच्यापासून आडवं अंतर ठेवा.

आता न चालणारं बटण. साध्या कीबोर्डाच्या आत प्रत्येक कीला स्वतंत्र तार नसते. आडव्या आणि उभ्या तारांची जाळी असते, आणि कोणती आडवी तार कोणत्या उभीला टेकली यावरून कोणती की दाबली ते ओळखलं जातं. दोन की एकदम दाबल्या तर काही बिघडत नाही. तीन दाबल्या आणि त्या जाळीत अडचणीच्या जागी असल्या, तर तिसरी ओळखता येत नाही आणि कीबोर्ड ती चक्क सोडून देतो. 'वेग अधिक डावीकडे अधिक मार' ही नेमकी तीन कींची जुळणी आहे. म्हणजे बटण बिघडलेलं नाही, तुम्ही चुकीचंही दाबत नाही. सरळ रस्त्यावर वेग आणि डावी की धरून मारायची की दाबून पाहा, मग उजवी धरून पाहा. एका बाजूला चालतं आणि दुसऱ्या बाजूला नाही असं दिसलं तर खात्री पटेल. गेमच्या सेटिंगमध्ये मारायची की बदलून कीबोर्डाच्या दुसऱ्या भागातली एखादी घ्या. तेही जमलं नाही तर मारण्यापुरतं वेगाच्या कीवरचं बोट उचला, क्षणभरात वेग फारसा उतरत नाही.

मारामारीबद्दलही दोन शब्द. हा गेम त्यासाठी प्रसिद्ध असल्यामुळे मारलंच पाहिजे असं मुलांना वाटतं. क्रमांक मात्र फक्त शेवटच्या रेषेवर ठरतो. मारताना नजर रस्त्यावरून सुटून शेजाऱ्यावर जाते आणि तेवढ्यात समोर मोटार येते. म्हणून पहिले काही दिवस कुणालाही न मारता रेस पूर्ण करायची. मग सरळ आणि मोकळ्या पट्ट्यावरच हात चालवायला घ्या. बुक्कीपेक्षा लाथ उपयोगी आहे, कारण लाथेने समोरचा बाजूला ढकलला जातो, आणि बाजूला झाड किंवा मोटार असली तर पुढचं काम तीच करते. ज्याच्या हातात दांडकं किंवा साखळी आहे त्याने ती उगारली त्याच क्षणी तुम्ही हात टाकलात तर ते हत्यार तुमच्या हातात येतं. ही वेळ साधायला सराव लागतो. साधली की मुलगी आनंदाने ओरडेल, त्याची तयारी ठेवा.

कॉम्प्युटर चीटिंग करतो का? दादाच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. त्या काळच्या अनेक रेसिंग गेममध्ये खेळाडू फार पुढे गेला की मागच्यांना थोडा जादा वेग दिला जाई आणि मागे पडला की पुढचे थोडे हळू केले जात. गेम बनवणाऱ्यांचा हेतू चुरस टिकवण्याचा, खेळणाऱ्याला मात्र कुणीतरी मुद्दाम मागे लागल्यासारखं वाटे. पण 'रोड रॅश'मधले स्वारही मोटारींवर आदळतात, पडतात, उठून धावतात. त्यांच्या चुका होतात आणि तुम्ही न पडता जात राहिलात की त्यांच्यातले काही आपोआप मागे पडतात. सुरुवातीला दहा जण पुढे गेले म्हणून रेस गेली असं समजू नका.

राहिला सुरुवातीचा प्रश्न. गेममध्ये दोन प्रकार आहेत. 'थ्रॅश मोड'मध्ये आवडेल तो रस्ता निवडून एकेक सुटी रेस खेळता येते, पैशांचा संबंध नाही. 'बिग गेम मोड'मध्ये पात्र ठरण्यापुरता क्रमांक मिळवावा लागतो, बक्षिसाचे पैसे साठतात, बाइक मोडली तर दुरुस्तीचे आणि पकडले गेलात तर दंडाचे पैसे त्यातूनच जातात. नवख्याने थेट यात उडी घेतली की खिसा रिकामा होऊन खेळ संपतो आणि हिरमोड होतो. आधी थ्रॅश मोड घ्या. पाच रस्त्यांपैकी एकच धरा, माझी शिफारस नापा खोऱ्याची. शहराचा रस्ता शेवटी ठेवा, तिथे चौकांत आडवी येणारी वाहनं आहेत. एकाच रस्त्यावर पुन्हा पुन्हा गेल्याने कोणत्या वळणानंतर काय येतं ते पाठ होतं, आणि हे पाठांतर वाया जात नाही. पुढच्या पातळ्यांवर रस्ते तेच असतात, फक्त लांबत जातात आणि सोबतचे स्वार तेज होतात.

मग बिग गेम. तिथे सुरुवातीची बाइक रडकी वाटेल, पण पैसे हातात आले की लगेच सर्वांत महागडी घेऊ नका. वर मांडलेलं गणित इथेही लागू आहे. बाइक वेगवान झाली की समोरच्या मोटारीसाठी मिळणारे सेकंद आणखी कमी होतात. आहे त्या बाइकवर पाचही रस्ते न पडता, किंवा एखाददुसऱ्या पडझडीवर पार होऊ लागले की मगच पुढची घ्यावी आणि दुरुस्तीपुरते पैसे बाजूला राखावेत. पडद्याच्या तळाशी स्वाराची ताकद आणि बाइकची अवस्था दाखवणाऱ्या पट्ट्या आहेत. बाइकची पट्टी संपत आली असेल तर उरलेली रेस जिंकायच्या नादाला न लागता नुसती पूर्ण करावी, दुरुस्तीचा खर्च वाचतो.

तुम्ही दोघी एकाच लॅपटॉपवर आहात, तर एक पद्धत करून बघा. खऱ्या मोटार रॅलीत चालकाशेजारी सहचालक बसतो आणि पुढचं वळण मोठ्याने सांगत राहतो. तुमच्यातल्या एकीने अ‍ॅरो की सांभाळायच्या आणि दुसरीने फक्त रस्त्याच्या टोकाकडे बघून बोलायचं : "डावं वळण", "मोटार, आपल्याच दिशेने", "माथा आला, उजवीकडे हो". दर रेसला जागा बदला. लांब बघायची सवय कीबोर्ड हातात नसताना लवकर लागते, आणि इतकी वर्षं दादाच्या शेजारी बसून तुम्ही जे पाहिलंत ते मुलीच्या कामी लगेच येईल.